सोलापुरातली गुराब

आज गुराबेच्या डोलकाठीला दोर चढवले! गुराब म्हणजे आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, माझी प्रतिकृती एकास पन्नास प्रमाणात. म्हणजे खऱ्या जहाजावरचा 5 सेंटिमीटर जाडीचा दोर माझ्याकडे फक्त 1 मिलिमीटर. तयार नायलॉनचा दोरा चकाकतो, तो मला चालत नाही. पण सोलापुरात सुताला काय तोटा? शेजारच्या यंत्रमागवाल्या अण्णांनी कोनावर उरलेलं सूत दिलं, वर बजावलं, "पदर एकत्र करताना सुताच्या उलटा पीळ दे, न्हाईतर उकलंल बघ." तीन पदर पिळले, मेणावरून ओढले, तेव्हा कुठे कुसं बसली. डोलकाठीला ताणून धरणारे दोर काळे केले, कारण खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावत. शीड ओढायचे दोर फिकटच ठेवले.

गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तर बघत राहावी अशी! लांब, निमुळती, पुढे झेपावलेली, आणि तिच्यावरून थेट समोर रोखलेल्या दोन तोफा. पाठलाग करता करताच मारा करता यावा म्हणून ही रचना. काय डोकं लावलंय आपल्या लोकांनी!

शिडांसाठी मांजरपाट चहाच्या पाण्यात भिजत घातलाय. बघायचं असेल त्यांनी रविवारी घरी या, पोरांनाही आणा.