सहा रनांनी

पुण्याहून पाहुणे आले आणि घरात मॅच चालू असली, की एक प्रश्न ठरलेला. "तुम्ही बेळगावचे लोक कुणाकडून? मुंबई की बेंगळुरू?" विचारणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याच्या डोक्यात क्रिकेट नसतंच, 1956 साल असतं. आमच्या उत्तरावरून तो सीमाप्रश्नाचा निकाल लावून चहा प्यायला मोकळा होणार असतो.

आता त्याला काय सांगायचं? मी आरसीबीचा, म्हणजे बेंगळुरूचा. बाबा मुंबईचे. मुलगी, स्मृती मानधना ज्या टीममध्ये असेल तिची. आणि भिंतीपलीकडचे काका, मूळचे गोकाककडचे, घरात अस्सल कन्नड, ते मुंबई इंडियन्सचे कट्टर. का, तर लग्नाआधी आठ वर्षं डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत काढली आणि तेंडुलकरची बॅटिंग असली की दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून बघितली. मुंबईची मॅच असली की ते आमच्याकडे येतात, बाबांशेजारी बसतात आणि दोघं मिळून मला सोलतात. पाहुण्याला हे सांगितलं की त्याचा चहा गार होतो.

टीम आपण निवडतो, हे मला कधी पटलं नाही. बायको कोल्हापूरची. तिथं फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या टीमांचं जे रण पेटतं, त्यात निवडण्याचा प्रश्नच येत नाही. घर कुठल्या तालमीच्या हद्दीत, एवढं पुरे. लग्न होऊन बेळगावला येऊन तिला पंधरा वर्षं झाली, खरं तालीम बदललेली नाही. (हे 'खरं' म्हणजे 'पण'. आमच्याकडं असंच म्हणतात, पुणेकरांनी समजून घ्यावं.)

बाबांची मुंबई त्यांना आज्जाकडून आली. शेताच्या उताऱ्यावर वारसाचं नाव चढावं तशी. आज्जानं मुंबई उभ्या जन्मात दोनदा बघितली, तीही दादरपुरती. तरी 1974 च्या रणजी सेमीफायनलची जखम तो शेवटपर्यंत बाळगून होता. मुंबईनं त्याआधी सलग पंधरा वर्षं रणजी जिंकलेली. बेंगळुरूत प्रसन्नानं गावसकरचा त्रिफळा उडवला, वाडेकर रनआउट झाला आणि पहिल्या डावाच्या पिछाडीवर मुंबई बाहेर. त्या मोसमात कर्नाटकनं पहिल्यांदा रणजी जिंकली. गंमत अशी, की राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 ला. म्हणजे नवीन पाटी लावली आणि लगेच कप घरात. आज्जाला त्या पाटीचा राग जास्त होता की वाडेकरच्या रनआउटचा, हे कधी कळलं नाही. बाबा विचारायचे, तेव्हा तो म्हणायचा, "वाडेकर पाय घसरून पडला. नाहीतर काय बिशाद होती?"

माझं मात्र द्रविडनं केलं. माणूस जन्मानं इंदूरचा, घरची भाषा मराठी, वाढला बेंगळुरूत आणि खेळला कर्नाटककडून. आमच्यासारख्याला आणखी काय पाहिजे? 2008 साली आयपीएल आली आणि तो बेंगळुरूचा कॅप्टन झाला, तेव्हा मी म्हटलं, आपली टीम हीच. म्हटलं खरं, पण ती अजून आपली झाली नव्हती. (इथलं 'खरं' पुणेरी आहे.) 18 एप्रिलला पहिलीच मॅच. कोलकात्याच्या मॅक्युलमनं एकट्यानं नाबाद 158 ठोकल्या आणि आमचे सगळे मिळून 82. द्रविड 2 वर बोल्ड. आमच्याकडून सगळ्यात जास्त रन कुणी केले असतील, तर एक्स्ट्रांनी, 19.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ दात घासत घासत मोरीतूनच ओरडला, "दादा, त्या एक्स्ट्राला पुढच्या मॅचला ओपनिंगला पाठव की!" तोंडात फेस, एक हात भिंतीला, आणि हसून हसून ठसका लागलेला. मला इतका संताप आला, की मी टॉवेल फेकून मारला. मग दिवसभर गल्लीत जो भेटेल त्याला पिच कसं होतं, टॉस जिंकूनही आम्ही आधी बॉलिंग का घेतली, हे समजावत फिरलो. "आम्ही"! संध्याकाळी ते माझ्या लक्षात आलं. आदल्या दिवशीपर्यंत "ते" होते.

टीम जिंकली म्हणून माणूस तिचा होत असेल, मला माहीत नाही. तिच्यावरून पहिला टोमणा बसला आणि तो झोंबला, की सुटका नाही एवढं मात्र खरं. त्यानंतर 2009, 2011, 2016, तीन फायनल हरलो. बाबांच्या मुंबईनं तोवर कप गोळा करायला घेतले होते, 2020 पर्यंत पाच. बाबा बोटांवर मोजायचे आणि पाचही बोटं माझ्यासमोर पसरून म्हणायचे, "हात भरला. आता दुसरा काढू काय?"

गल्लीतली पोरं मात्र हरण्यानं खचली नाहीत. "ई साला कप नम्दे" ही कन्नड घोषणा, म्हणजे यंदा कप आपलाच, मार्चपासून चालू. नवख्या पाहुण्याला वाटतं पोरं कुणाला तरी साला म्हणायलीत. मॅच जिंकली तर त्याच दमात "जय भवानी, जय शिवाजी". दोन्ही घोषणा एकाच गळ्यातून, एकाच लाल जर्सीतून, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नावांचंही तसंच. आमच्या गावाचं बेळगावचं बेळगावी झालं 2014 ला, त्याच दिवशी बेंगलोरचं बेंगळुरू. टीमनं आपलं नाव बदललं ते 2024 ला. दहा वर्षं लागली, आणि त्याच महिन्यात आरसीबीच्या पोरींच्या टीमनं पहिला कप आणला. कॅप्टन स्मृती, सांगलीची. त्या रात्री बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. म्हणाले, "मी सांगलीला वाजवल्या."

ही त्यांची खास युक्ती. आरसीबीचा कुणी चांगला खेळला, की त्याचं कूळ शोधायचं. जितेश शर्मा? अमरावतीचा, आपलाच. रजत पाटीदार? इंदूरचा, म्हणजे होळकरांचा. कोहलीचं काही जमेना तेव्हा म्हणाले, "त्याची बायको मुंबईत राहत होती की."

3 जून 2025. अहमदाबाद, समोर पंजाब. काकाही आले होते, त्यांची मुंबई पंजाबकडूनच हरून बाहेर पडली होती, त्यामुळं त्यांना कुणीतरी हरायला पाहिजेच होतं. आम्ही मोबाईलवरून टीव्हीला जोडून मराठी कॉमेंट्री लावलेली, आणि काकांच्या घरात केबलवर कन्नड चालू. त्यांची केबल आमच्यापेक्षा सहा-सात सेकंद पुढं. त्यामुळं आमचा बॉलर अजून रनअपवरच आणि भिंतीपलीकडून काकूंची आरोळी आलेली. शेवटच्या ओव्हरला मी टीव्हीकडं बघतच नव्हतो, भिंतीकडं बघत होतो. भिंत ओरडली. मग गल्ली. मग सगळ्यात शेवटी आमचा टीव्ही.

दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत चेंगराचेंगरीत 11 माणसं गेली आणि सगळ्या आनंदाचं तोंड कडू झालं. त्या रात्री मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं फटाके लावत होती, धाकट्याचा फोन आला तर तो नुसता हसत होता, सतरा वर्षांपूर्वी मोरीत हसला होता तसाच.

बाबा स्कोअर बघत बसले होते. "किती रननी?"

"सहा."

त्यांचा चेहरा उजळला. जानेवारी 2010, म्हैसूर, रणजी फायनल. कर्नाटकला 338 पाहिजे होते, मनीष पांडेनं 144 मारले आणि तरी मुंबई जिंकली. "सहाच रननी," बाबा म्हणाले. "आमच्याच मापानं जिंकलात म्हणा की."

आईनं फ्रीजमधून कुंदा काढला. मी पहिला चमचा बाबांपुढं धरला, म्हटलं, घ्या, आरसीबीचा. त्यांनी घेतला, सावकाश खाल्ला, वाटी स्वतःकडं ओढली.

"कुंदा बेळगावचा," ते म्हणाले. "तुझ्या टीमचा त्यात काय संबंध?"