ट्यूनिंगची नोंद, आठवडा सहावा: ८० हर्ट्झचा खड्डा बुजला

गाडीच्या म्युझिक सिस्टिमचा आवाज जुळवतोय. मागच्या नोंदीत रडगाणं गायलं होतं की ८० हर्ट्झला, म्हणजे बासच्या पट्टीत, ग्राफमध्ये खड्डा आहे (तिथे आवाज कमी पडतो) आणि ईक्यूने (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) भरत नाही. ६ डेसिबल वाढवले, म्हणजे ॲम्पकडे (ॲम्प्लिफायरकडे) चौपट पॉवर मागितली, तरी रेघ ढिम्म. तो आज बुजला. त्याआधी मोजायच्या साधनांनीच मला कसं फिरवलं ते सांगतो.

पहिला मल्टिमीटर. ॲम्पचे ७५ वॉट आणि स्पीकरचे ४ ओहम, गुणाकार ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढल्या, १ किलोहर्ट्झचा टोन लावला आणि मीटर १७.३ दाखवेपर्यंत ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) पिळला. नंतर गाणं लावलं तर आवाज करकरीत. बॅटरीवरचा छोटा स्कोप (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) जोडला, तर साइन वेव्हची डोकी सपाट कापलेली! स्वस्त मीटरचा एसी मोड घरच्या विजेसाठी, म्हणजे ५०-६० हर्ट्झच्या आसपास नीट चालतो. माझा १ किलोहर्ट्झला बराच कमी दाखवत होता. नॉब न हलवता ५० हर्ट्झ वाजवले तर आकडा १९.६. आता टोकं गोल होईपर्यंत गेन मागे घेतलाय. (ॲम्प ब्रिज केला असेल, म्हणजे दोन चॅनेल जोडून एक केले असतील, तर भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप स्पीकरच्या वायरीला लावू नका. तिथली निगेटिव्हही जिवंत असते.)

दुसरा माईक, आणि इथे चूक शंभर टक्के माझी. युमिक-१ या मोजमापाच्या माईकच्या सिरियल नंबरप्रमाणे दोन कॅलिब्रेशन फाइली (माईकची चूक दुरुस्त करणाऱ्या) मिळतात, ० अंशाची (माईक स्पीकरकडे) आणि ९० अंशाची (माईक छताकडे). माईक छताकडे रोखलेला आणि फाइल ० अंशाची. त्यामुळे ग्राफमध्ये ट्रेबल कमी दिसायचा, मी तो वाढवायचो आणि अर्ध्या तासात कान किटायचे. फाइल बदलली, ट्वीटरवरचे (ट्रेबलच्या स्पीकरवरचे) सगळे बूस्ट काढून टाकले.

आता खड्डा. आरईडब्ल्यू या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिंक पीएन नॉइज (चाचणीचा खरखराट), आरटीएची (चालू आवाजाचा ग्राफ काढणाऱ्या भागाची) विंडो सेटिंग रेक्टँग्युलर, आणि माईक डोक्याच्या जागेभोवती हळूहळू फिरवत सरासरी. तीन रेघा काढल्या: एकटा सब (डिकीतला खोल बासचा स्पीकर), एकटे दारातले मिडबास (वरच्या बासचे स्पीकर), मग दोन्ही मिळून. ८० हर्ट्झला दोन्ही मिळूनची रेघ एकट्या मिडबासच्याही ५ डेसिबल खाली! सारख्या पातळीचे दोन आवाज जुळले तर ६ डेसिबल वाढायला हवेत. इथे ते एकमेकांना खात होते, आणि सगळ्या स्पीकरना एकत्र लागू होणाऱ्या मास्टर ईक्यूने मी दोघांनाही सारखंच खायला घालत होतो.

सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवली. ग्राफ एकदम सुंदर झाला, पण किक ड्रमचा ठोका सुटा सुटा. टोक आधी, पोट मागून. ग्राफवर विश्वास ठेवून इथेच थांबणार होतो, पण मन खात होतं. टॉर्च घेऊन डिकीत वाकलो, तर सबच्या ॲम्पच्या पाठीवरचा लो-पास फिल्टरचा (वरचे सूर अडवणारा) स्विच चालूच. डीएसपीमधला (आवाज जुळवायच्या प्रोसेसरमधला) फिल्टर वेगळा, हा वेगळा. एकावर एक दोन फिल्टर, म्हणजे सबला जादा उशीर. स्विच ‘फुल’वर आणला (म्हणजे तो फिल्टर बंद), पोलॅरिटी परत सरळ केली आणि खड्डा जवळजवळ गेला.

उरलेलं काम डिलेचं, म्हणजे जवळचा आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याचं. टेपने डोक्यापासून सब १९० सेंटिमीटर आणि जवळचं दार ९५. फरक ९५, म्हणजे ध्वनीच्या ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने २.७७ मिलिसेकंद. पण सबच्या खोक्याचा आणि फिल्टरचा उशीर टेपला दिसत नाही. पुढचे सगळे स्पीकर एकत्र अर्ध्या अर्ध्या मिलिसेकंदाने मागे सारत गेलो (एकटं दार सारलं तर स्टेज, म्हणजे समोर कुठून काय वाजतंय त्याचा भास, मोडतो). आणखी २ मिलिसेकंदांवर रेघ सर्वात वर आली. आता किक एका जागेवरून येतो, तोही डॅशबोर्डवरून.

एकच नवी कटकट: ३८ हर्ट्झला मागची नंबरप्लेट खडखडते. इतके दिवस ती बहुधा गप्प बसली होती.