जिप्सी, दादा आणि मी: लेहच्या आधीचं उद्यमनगर

१४ डिसेंबर

आज बॉडी चासीवरून उतरवली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या शेडमध्ये चौघांनी चार कोपरे धरले. साखळी-कप्पी होती, पण नावापुरती. गाडी १९९१ ची, ९७० सीसीची जुनी मारुती जिप्सी. एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात ऊसनोंदीसाठी फिरली, मग शिरोळकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागे उभी राहिली. वरून रंगाचे थर असल्यामुळे पत्रा बरा वाटत होता. मामांनी पुढच्या सीटच्या मागे स्क्रूड्रायव्हर टोचला आणि पातं आरपार गेलं. खालून मळीचा चिखल बसलेला. तो वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो आणि पत्रा खालून वर खातो.

चासी मात्र ठणठणीत निघाली. मामा हातोडीने वाजवत पुढून मागे गेले. आवाज बद्द आला तिथे खडूची खूण. खुणा फारशा पडल्या नाहीत. मागच्या शॅकलजवळ एक पट्टी कापून नवी वेल्ड करायची आहे, बाकी घासून प्रायमर.

मामा सैन्यात ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होते, बरीचशी नोकरी लेह-कारू भागात. जिप्सी त्यांना कोळून प्यायलेली. जूनमध्ये आम्ही दोघं भावंडं ही गाडी घेऊन लेहला जाणार म्हटल्यावर ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, एकेक पार्ट हातात घेताना इचारायचं, ह्यो पांगला मोडला तर कोण करणार? उत्तर न्हाई आलं तर त्यो पार्ट बसवायचा न्हाई." पांग म्हणजे लेह-मनाली रस्त्यावरचा एक मुक्काम.

२१ डिसेंबर

गाडीत काय काय बसवायचं याची दादाची यादी आली. तेराशेचं एमपीएफआय इंजिन (सेन्सरने मोजून पेट्रोल फवारणारं), पॉवर स्टिअरिंग, रुंद टायर, छपरावर दिव्यांची पट्टी, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. माझ्या यादीत रबर, बेअरिंग आणि वायरिंग. घरात आईने दोन्ही याद्या वाचल्या आणि विचारलं, "ह्यात झोपायचं कुठं?" ते कुणीच लिहिलं नव्हतं.

इंजिनाबद्दल दादाचं म्हणणं चूक नाही, हे इथे लिहून ठेवते. आमच्या इंजिनाची ताकद ४५ अश्वशक्ती, तीही खालच्या हवेत. लेह ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो, लेह-मनाली रस्त्यावरच्या तंगलंगला खिंडीत ५,३०० मीटरला जवळपास निम्मा. कार्बोरेटरला हे कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो जेटच्या, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाच्या मापाने पेट्रोल ओततच राहतो, मिश्रण गडद होतं, प्लग काळे पडतात, गाडी दम खाते. एमपीएफआयचा सेन्सर हे आपोआप सांभाळतो. २००० नंतरच्या जिप्सी किंगचं एमपीएफआय इंजिन बसवणारे पुष्कळ आहेत. पण इंजिन बदललं की आरटीओत आरसीवर नोंद हवी, आणि त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पांगला गेला तर मामांच्या प्रश्नाला उत्तर नाही. त्यामुळे जुनंच इंजिन. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नव्या रिंगा, हेड गॅस्केट. कार्बोरेटरसाठी एक नंबर लहान मेन जेट पाकिटात. घाटात हळू जाऊ. आपल्याला लेहला जायचंय, रॅली जिंकायची नाही.

ठिणगीसाठीचे जुने पॉइंटही ठेवले. पॉइंट जळले तर पॉलिश पेपरने घासून, फीलर गेज नसेल तर अंदाजाने गॅप लावून गाडी निघते. कंडेन्सर खिशात मावतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बहुतेक वेळा जास्त भरवशाचं, हे खरंच. पण ते जातं तेव्हा पूर्णच जातं.

रुंद टायर मामांनीच उडवून लावले. "पंचेचाळीस घोडं, त्यातलं पाच टायर फिरवायलाच?" दादा गप्प. दिव्यांची पट्टी अजून यादीत आहे.

१० जानेवारी

पेट्रोलची टाकी उतरवली. आत गंजाची भुकटी. खडी आणि पेट्रोल घालून हलवली, धुतली, वाळवली, परत तेच. दुपार त्यातच गेली.

खरं काम नळ्यांचं. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. १९९१ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. इथेनॉलने जुनी नळी आधी फुगते, मग मऊ पडते, आतून सुटलेले कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. शिवाय इथेनॉल ओल ओढतं, म्हणजे टाकीला आतून गंज. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या, पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलला, फ्लोट चेंबरचं पॅकिंग नवं, आणि वाटेत एक काचेचा फिल्टर, कचरा डोळ्यांना दिसावा म्हणून. आमच्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं. ही गाडी ज्या उसासाठी फिरली त्यानेच तिच्या नळ्या खाल्ल्या, असं दादा म्हणाला. स्वतःवर खूश होता.

पंपाजवळून जाणारी नळी एक्झॉस्टपासून लांब घेतली. राजस्थानात जूनच्या उन्हात पेट्रोल नळीतच उकळून वाफ धरली की गाडी थांबते. उंचावर तर पेट्रोल कमी तापमानालाही उकळतं, म्हणजे दोन्हीकडून तीच भीती.

रेडिएटर जुना तांब्या-पितळेचाच ठेवला, फक्त कोअर नवी. प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनिअम रेडिएटर हलका असतो आणि थंडही बरा करतो. पण पितळेचा गळला तर कुठल्याही गावातला रेडिएटरवाला डाग देऊन देतो.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून थेट आरटीओची फाइल. वीस वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा, नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे पैसे वेगळे. पाच वर्षांनी पुन्हा हेच. तपासणीला बॉडी चासीवर चढलेली हवी, म्हणजे आधी पत्र्याचं काम.

८ फेब्रुवारी

पुढचा ॲक्सल. आजचा अख्खा दिवस आणि ह्या गाडीचा अर्धा जीव.

जिप्सी साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागतं, मग हात सुटतील इतकं डुलतं. जिप्सीवाल्यांना ही कथा नवी नाही. सोपा उपाय म्हणजे झटके दाबणारा स्टिअरिंग डँपर बसवणे. मामा त्याला औषध न म्हणता पांघरूण म्हणतात. दुखणं असतं किंगपिनच्या बेअरिंगमध्ये. चाकाजवळचा नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, वर आणि खाली एकेका बेअरिंगवर फिरतो, आणि ती किती घट्ट बसायची हे त्यांच्याखालच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, ठरवतात. बेअरिंग झिजली की नकल सैल, आणि रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्याला चाक स्वतःच्या मर्जीने हलायला लागतं.

नकल उघडला तर आतलं ग्रीस चहाच्या चोथ्यासारखं. गोळ्याभोवतीचा ऑइल सील फाटलेला, त्यातून ॲक्सलचं तेल आत उतरून ग्रीस धुऊन गेलेलं. बेअरिंगच्या कपवर ठिपक्याठिपक्यांचे खळगे पडले होते. नवीन बेअरिंग, नवे सील. शिम घालून नकल बांधला, टाय रॉडच्या टोकाला वजनाचा काटा अडकवून ओढून पाहिलं, किती ओढीला नकल हलतो. एक शिम काढला, परत ओढलं. शिम घातला, परत. मामांच्या चेहऱ्यावर काही उमटेपर्यंत हेच चाललं. ओढताना हाताला तो फरक कळतो. आधी घरंगळत होता, आता एकसारखा जड.

सीलसाठी लागणारी एक रिंग बाजारात मिळेना. जिप्सी बंद होऊन काही वर्षं झाली तरी ताडोबासारख्या जंगलांत सफारीच्या जिप्स्या अजून धावताहेत, त्यामुळे सुटे भाग अगदीच दुर्मीळ नाहीत. पण ही नेमकी नाही मिळाली. समोरच्या लेथवाल्याने जुनी पाहून तासाभरात नवी टर्न करून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "लेहचा फोटो पाठवा की." मी तरी पैसे ठेवले.

मागचे-पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवून कमान ठोकून घेतली, बुश नवे. दादाला सामानासाठी एक जास्तीचा पाटा हवा होता. नको म्हटलं. पाटा वाढवला तर रिकामी गाडी ठोकळ्यासारखी आपटते. सामान कमी घेऊ.

१ मार्च

घरी नकाशा पसरला. सरळ वाट दिल्लीवरून, पण आमची गाडी दिल्लीत नको. १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर दिल्लीसह राजधानी क्षेत्रात २०१४-१५ मध्ये हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला, आणि त्यानंतर आदेश इतक्यांदा हलले की पेपर वाचूनच निघावं लागेल. राजधानी क्षेत्रात हरियाणाचे आणि राजस्थानचेही जिल्हे येतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून अहमदाबाद, उदयपूर, अजमेर, बिकानेर, श्रीगंगानगर, अमृतसर, जम्मू, श्रीनगर. लेहपर्यंत तीन हजार किलोमीटरच्या वर.

श्रीनगरकडून चढायचं आणि मनालीकडून उतरायचं, यावर मात्र आमचं दोघांचं एकमत. झोजीला ३,५०० मीटरच्या आसपास, मग कारगिलला रात्र, मग फोतूला ४,१०० मीटर. शरीराला सवय होत जाते. मनालीकडून पहिल्यांदाच चढलं तर सरचू-पांगला डोकं धरून बसायची पाळी.

उतरताना पेट्रोलचा हिशोब. मनालीकडून येणाऱ्याला टांडीच्या पंपावर पाटी दिसते, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. आम्ही उलटे येणार, म्हणजे कारूला टाकी भरायची. टाकी ४० लिटरची, आणि उंचीवर, सामानासह, गाडीने लिटरला आठ-नऊ दिले तरी पुष्कळ. नवाने धरलं तर अगदी काठावर, आठने धरलं तर चाळीसेक किलोमीटर आधीच थांबणार. म्हणून लोखंडी कॅन, दहा-दहा लिटरचे दोन. ते गाडीच्या आत ठेवायचे नाहीत, मागच्या दाराबाहेर पट्ट्याने. दादाचा दिव्यांचा हट्ट इथे संपला, कारण त्या पैशात कॅनचा स्टँड आला.

१५ मार्च

बॉडी चढली, रंग साधा हिरवा, पासिंग झालं. पहाटे गगनबावड्याला निघालो. भुईबावडा घाट उतरायचा आणि तसाच वर यायचा.

साठला हात सैल सोडून पाहिले. स्टिअरिंग स्थिर. सत्तरलाही. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण शीळ वाजवायला लागला.

उतारावर ब्रेक सरळ लागतात, गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही. वर येताना दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा मध्याच्या थोडा वर, पण तिथेच. एका कच्च्या चढाला उतरून पुढची दोन्ही हब लॉक केली, म्हणजे पुढची चाकंही ओढू लागतात, लो गिअर टाकला, आणि गाडी ॲक्सिलरेटरला पाय न लावता चढली. मागून येणारा दुचाकीवाला थांबून बघत राहिला. "मिल्ट्रीची का?" "कारखान्याची," दादा म्हणाला.

परत येताना चाळीस ते पन्नासमध्ये खालून घुमघुम. जिप्सीत गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस वेगळ्या, मध्ये आखूड शाफ्ट, आणि तिथून पुढे-मागे दोन. मामा खाली सरपटले आणि आखूड शाफ्टचा क्रॉस (सांधा) हलवून पाहिला. तो ठीक. ट्रान्स्फर केसचे रबरी माउंट मात्र बोटाने चिरले. ते आमच्या दोघांच्याही यादीत नव्हते. परवा ते बदलायचे, आणि शाफ्ट काढण्याआधी सेंटर पंचने खुणा करायच्या, नाहीतर उलटे बसले की नवाच थरथराट. जुने माउंट फेकू नका, मामा म्हणाले, त्यातला जरा बरा दिसणारा स्पेअरच्या डब्यात जाईल. डबा आत्ताच बंद होत नाहीये.