भाच्याच्या बोटीचे कील बोल्ट

उभी नोकरी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून गेली. त्यामुळे नट-बोल्टचं काही अडलं की गल्लीतले, नात्यातले सगळे मलाच फोन लावतात. पण शिडाच्या बोटीसाठी फोन येईल असं काही वाटलं नव्हतं. भाचा मुंबईत नोकरीला आहे, त्याने मित्रांसोबत एक जुनी 28 फुटी बोट घेतलीय. (ताईला त्याने "मित्राची आहे" एवढंच सांगितलंय. ताई ब्लॉग वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.)

"मामा, कील बोल्ट टाइट करायचेत. टॉर्क किती लावू?" (टॉर्क म्हणजे नट पिळायचा जोर.)

"अरे, आधी बोल्टवर काय लटकलंय ते सांग. टॉर्कचं मग बघू."

त्याने जे सांगितलं त्यावरून मला कळलं ते असं. शिडाच्या बोटीच्या पोटाखाली ओतीव लोखंडाचं किंवा शिशाचं जड पातं असतं, ती कील. बोटीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त वजन तिच्यातच. वाऱ्याने बोट कलते तेव्हा हेच वजन तिला परत सरळ करतं. आणि हे सगळं धूड फायबरच्या तळाला खालून लटकलेलं असतं ते काही मोजक्या बोल्टवर. नट आत, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या त्या खळग्यात जिथे पाणी साचतं.

मी कागद घेतला. समजा कील 1200 किलोची, तिचं वजन सांध्याच्या 70 सेंटिमीटर खाली एकवटलंय आणि बोल्टच्या दोन रांगांमध्ये 15 सेंटिमीटर अंतर आहे. बोट पूर्ण आडवी झाली तर 1200 गुणिले 0.7, भागिले 0.15. एका रांगेवर साडेपाच टनांहून जास्त ताण! उभ्या बोटीत तेच बोल्ट सगळे मिळून फक्त सव्वा टन उचलतात. कील जाडीला अरुंद असते, रांगांना एकमेकींपासून लांब सरकायला जागाच नसते, त्याचा हा हिशेब. भाचा फोनवर जरा गप्प झाला.

मग त्याने बिल्जचे फोटो पाठवले. नटांभोवती चहाच्या रंगाचे ओघळ. बाहेरून, कील आणि तळ जिथे भेटतात त्या रेघेतूनही गंजाचं पाणी पाझरलेलं, आणि तेही बोट किनाऱ्यावर काढून काही दिवस झाल्यावर. मी म्हटलं, पाना बाजूला ठेव. त्यातला सगळ्यात वाईट दिसणारा एक स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) बाहेर काढ आणि मला आणून दाखव. त्याची कील लोखंडी, स्टड आट्यांवर बसवलेले, म्हणून हे जमलं. शिशाच्या कीलमध्ये बोल्ट बहुतेक वेळा वाकवून ओतातच गाडलेले असतात, ते असे निघत नाहीत.

शनिवारी सकाळी तो गाडीने आला, पिशवीत फडक्यात गुंडाळलेला स्टड घेऊन. 20 मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा. वरचे आटे चकचकीत, खालचेही बरे. मधे मात्र, बरोबर सांध्याच्या उंचीवर, दोन बोटांच्या रुंदीत गळा उतरलेला, उसाचं कांडं उंदराने कुरतडावं तसा. पृष्ठभागावर बारीक खड्डे, त्यात काळी पावडर. व्हर्नियर लावला तर सगळ्यात बारीक जागी 14 मिलिमीटर. व्यास 20 चा 14 झाला म्हणजे धातू निम्माच उरला. शेजारचा टर्नर मूळचा शिरपूरकडचा, त्याने हातात घेतला, नखाने खड्डा खरवडला आणि म्हणाला, "हाऊ ते सडी गया."

"पण मामा, स्टेनलेस आहे ना?"

स्टेनलेसला गंज लागत नाही तो अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, पण त्याला प्राणवायू लागतो. सांध्यातलं सीलंट सुटलं की खारं पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. प्राणवायू संपतो, क्लोराइड साचतं, पापुद्रा जातो आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. उघड्यावर वर्षानुवर्षं टिकणारं 316 जातीचं स्टेनलेस सुद्धा अशा फटीत हार मानतं.

गंमत म्हणजे याच बोल्टवर गेल्या मोसमात टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की वाजणारा पाना, नीट 'कट' वाजला होता. वाजणारच. रेंच फक्त नट फिरायला किती जोर लागतो तेवढंच मोजतो, आणि त्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो. 20 च्या बोल्टवर कोरड्या आट्यांवर 200 न्यूटन-मीटर लावले तर ढोबळमानाने 5 टनांचा ताण बसतो. तेच आटे ग्रीस लावलेले असतील तर पावणेसात टनांच्या आसपास. आकडा तोच! म्हणून पुस्तिकेतला टॉर्क आटे कोरडे धरून दिलाय की तेल लावून, हे आधी वाचायचं. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा फिरवायचा नाही, आटे एकमेकांना धरून जाम होतात. पान्याला पाइप घालून जोर करायची आपल्याकडची सवय तर इथे अजिबातच नको.

मग पुढचं काम भुसावळलाच केलं. जुने वॉशर लहान होते, फायबरमध्ये रुतलेले. त्यांच्या जागी 316 च्या 10 मिलिमीटर जाड प्लेटा कापून घेतल्या, कोपरे गोल केले, खालच्या कडा मारल्या. नवे स्टड टर्नरने लेथवर काढले. दर दोन तासांनी त्याचं "दर्यात नेमकं काय करतस रे तुम्ही?" चालू होतं.

पावसाळ्याआधी मी स्वतः गेलो. भुसावळच्या 45 अंशांत वाढलेला माणूस मी, पण त्या बोटीच्या पोटात वाकून काम करताना जो घाम फुटला त्याला तोड नाही. बोटीचं वजन कीलवर टेकलेलं ठेवलं, बाजूने टेकू पक्के केले आणि एका वेळी एकच स्टड बदलला. प्लेटांखाली इपॉक्सीची पुट्टी, गळ्याशी सीलंट. साधा सॉकेट चालत नाही, नटाच्या वर आलेला स्टड आत टेकतो. खोल सॉकेट आणि लांब एक्स्टेंशन लागतं. मधल्या नटांपासून टोकांकडे, डावा-उजवा आलटून पालटून, तीन टप्प्यांत. शेवटी शेडमधली सवय: नट आणि प्लेट दोन्हींवरून पिवळ्या रंगाची एक रेघ. झाकण उचललं की कोणता नट हलला ते पाना न लावता दिसतं.

एक गोष्ट त्याला तीनदा बजावली. काही आठवड्यांनी एकदा नट थोडे फिरणं ठीक, नवं काम बसतं. पण दरवर्षी पाव पाव फेरा फिरत असतील तर काहीतरी चेचतंय किंवा ताणलं जातंय, ते शोध. नुसतं कसत राहू नकोस. आणि कील तळाला आपटली की आपटण्याची जागा सोडून आधी आत बघ, मागच्या टोकाशी, तिथे कील वर दाबली जाते. 2014 च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची ब्रिटिश बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली, चौघे गेले. चौकशी अहवालात बोल्टपलीकडे बोट दाखवलं होतं ते आधीच्या आपटण्यांकडे आणि दुरुस्त्यांनंतर कमजोर झालेल्या आतल्या सांगाड्याकडे.

मागच्या टोकाचे दोन स्टड अजून जुनेच आहेत, तिथे वर टाकी आहे. ते न काढता अल्ट्रासोनिकने, म्हणजे ध्वनिलहरी सोडून, तपासू असं भाचा म्हणतोय. चालेल. आम्ही इंजिनांचे अ‍ॅक्सल तसेच तपासायचो, टोकाला प्रोब लावून आतून येणारा प्रतिध्वनी बघायचा. फक्त प्रोब बसायला स्टडचं डोकं सपाट लागतं आणि त्याच्या स्टडची डोकी हॅक्सॉने तिरपी कापलेली आहेत. मशीनवाल्याला बोलावण्याआधी कानस मारून ठेव म्हटलंय.