भुरीचं मिटलेलं तोंड

वहीत भुरीच्या नावापुढे ‘शांत. कुठेही हात लावू देते’ असं मीच लिहिलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. त्या नोंदीच्या भरवशावर ते कुटुंब तिला न्यायला आलं होतं. आई, वडील आणि सात-आठ वर्षांचा मुलगा.

बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी वर्तनाचं काम पाहते. कुठलं कुत्रं कुठल्या घरात रुळेल, याचा अंदाज बांधणं हे त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. त्या दुपारी उकाडा होता. भुरी जीभ बाहेर टाकून धापा टाकत होती. मुलगा धावत गेला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. भुरी जागची हलली नाही. आईने फोन काढला. “बघा ना, किती गुणाची आहे!”

मला मात्र दिसलं ते भुरीचं तोंड. धाप थांबली होती, ओठ घट्ट मिटले होते. एवढ्या उकाड्यात धापणारं कुत्रं एका क्षणात तोंड मिटतं, तेव्हा ते गारव्यापेक्षा मोठ्या कशाच्या तरी विचारात असतं. तिने मान दुसरीकडे वळवली होती, पण नजर मुलावरच होती. त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची कोर दिसत होती. अंगाचा भार मागच्या पायांवर गेला होता. जिभेचं टोक एकदा नाकावरून फिरलं आणि आत गेलं.

मी ओरडले नाही, धावलेही नाही. अशा वेळी आरडाओरडा झाला तर कुत्र्याची भीती आणखी वाढते. हळू आवाजात म्हटलं, “बाळा, हात सैल सोड आणि माझ्याकडे चालत ये.” तो आला. भुरीने पाण्यातून बाहेर आल्यासारखं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं आणि बाजूला झाली. ती उभी होती त्या फरशीवर पंजांचे ओले ठसे उमटले होते. कुत्र्यांना घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि भीतीनेही येतो.

“पण ताई, ती तर हललीसुद्धा नाही,” वडील म्हणाले. “आणि शेपटी हलत होती की!”

शेपटी हलत होती खरी, पण खाली दाबलेली, आणि नुसतं टोक. शेपटी हलणं म्हणजे मनात काहीतरी चाललंय एवढंच. ते सुख आहे की धास्ती, हे बाकीच्या अंगाला विचारावं लागतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात असं आढळलं होतं, की मालक दिसला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. नुसत्या डोळ्यांनी तो फरक टिपणं कठीण. मी पाहते ते कंबर शेपटीबरोबर डुलते की नाही. निवांत कुत्र्याचं मागचं अख्खं अंग डुलतं.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरीही मी ‘शांत’ लिहून मोकळी झाले होते. नवीन जागेत घाबरून थिजलेलं कुत्रं कुठेही हात लावू देतं, कारण प्रतिकार करून उपयोग नाही असं त्याने मनाशी धरलेलं असतं. ती थिजलेली होती आणि मी तिला गुणी ठरवलं. आपल्याकडे गप्प राहणाऱ्याला लगेच शहाणं म्हणतात, तीच सवय माझ्या लेखणीत उतरली असावी. त्या नोंदीपायी त्या मुलाच्या चेहऱ्याला इजा झाली असती. अजूनही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

त्यांना परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं. मी सगळ्यांना मागच्या अंगणात सावलीत बसवलं. मुलाला सांगितलं, भुरीकडे पाठ किंवा कूस करून बस, हाक मारू नकोस, डोळ्याला डोळा देऊ नकोस. तो काड्या मोडत बसला. इतका वेळ गप्प बसलेलं मूल मी क्वचितच पाहिलंय.

आधी ती कुंपणाच्या कडेकडेने हुंगत फिरली. मग लांबवर बसली, पुढचे पाय सरळ, मागचे पोटाखाली दुमडलेले. अशी बसलेली कुत्री एका झटक्यात उठू शकते, म्हणून याला मी आराम धरत नाही. पाऊण तासाने तिचा एक पुठ्ठा कलंडला आणि मागचे दोन्ही पाय एका बाजूला आले. मला त्याचीच वाट होती. मग तोंड उघडलं, जिवणीचे कोपरे सैल झाले, डोळे अर्धे मिटून उघडायला लागले. कपाळावरच्या आठ्या कधी गेल्या ते कळलंच नाही. शेवटी हनुवटी जमिनीला टेकली, नाकातून लांब सुस्कारा आला आणि ती कुशीवर झोपली. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला १८. झोपेत पंजे थरथरले, तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

उठल्यावर आळोखेपिळोखे देऊन ती त्याच्याकडे गेली, सरळ रेषेत नाही, वळसा घेत. मी त्याला खुणेने सांगितलं : छातीवर तीन आकडे मोजेपर्यंत खाजव आणि थांब. तो थांबला. भुरीने नाकाने त्याचा हात वर ढकलला.

त्या दिवशी मी तिला दिलं नाही. ते आणखी तीनदा येऊन गेले, चौथ्या खेपेला ती त्यांच्याबरोबर निघाली. गाडीत बसली तेव्हा तोंड पुन्हा मिटलेलं होतं. मी तिची जुनी चादर मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, “ही कोपऱ्यात टाक, तिला तिथून कुणी उठवायचं नाही. आणि ती कुशीवर झोपली की मला फोन कर.”

पाचव्या रात्री फोन आला. तो कुजबुजत बोलत होता.