उशिरा येणाऱ्यांची वही

शाळा सोडल्याचा दाखला परवा हातात आला. रजिस्टर क्रमांक, जन्मस्थळ, शाळेत प्रवेश घेतल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण असे सगळे रकाने लिपिक सरांनी आपल्या रेखीव अक्षरात भरले आहेत आणि वर्तणुकीपुढे 'चांगली' असे लिहिले आहे. ते वाचून मी थोडी ओशाळले, कारण दहावीच्या वर्षी मी शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होते आणि त्या वर्षातले पहिले तीन महिने मी ज्या तऱ्हेने वागले, त्याला हा शब्द कितपत शोभतो याची मला शंका आहे. निरोप समारंभात मी भाषण केले तेव्हा शाळेने आम्हांला घडवले, गुरुजनांनी पंखांना बळ दिले, ही दरवर्षीचीच वाक्ये म्हटली. त्या दिवशी जे बोलण्याचे धैर्य झाले नाही ते येथे लिहिते आहे.

आमची शाळा तालुक्याच्या टोकाला असलेली, पाचवी ते दहावीपर्यंतची अनुदानित शाळा आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे पाचवीपासून सगळी मुले आमच्याकडे येतात. जूनच्या अखेरीस मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारी अर्ज, माघारीची मुदत, चिन्हवाटप, दोन दिवसांचा प्रचार, मतपत्रिका आणि बोटाला शाई असे सगळे यथासांग पार पडते, आणि नागरिकशास्त्राचे सर निवडणूक अधिकारी म्हणून त्या दिवशी कोणाशी हसतसुद्धा नाहीत. माझे चिन्ह छत्री होते आणि मतदानाच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता, त्यामुळे माझ्या विजयात माझा वाटा किती आणि आभाळाचा किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

निवडून आल्यावर लवकरच लक्षात आले की मुख्यमंत्र्याला प्रत्यक्षात काहीही अधिकार नसतो. फळ्यावरचा सुविचार कोणता असावा हेसुद्धा तो ठरवत नाही. परिपाठाच्या वेळी पुढे उभे राहणे, पोषण आहाराच्या रांगेवर लक्ष ठेवणे आणि उशिरा येणाऱ्यांची वही सांभाळणे, एवढेच काय ते हातात. त्यातल्या त्यात वही हे एकच असे काम होते ज्यात माझ्या पेनाला दुसरे कोणी घाबरत असे, आणि म्हणून मी ते सर्वांत मन लावून केले.

शाळेची घंटा 10.40 ला होत असे. राष्ट्रगीत सुरू झाल्यानंतर जो फाटकातून आत येईल त्याने कडुनिंबाखाली उभे राहायचे, परिपाठ संपला की मी वही घेऊन जायचे आणि नाव, इयत्ता, वेळ असे तीन रकाने भरायचे, अशी पद्धत होती. महिन्यात तीनदा नाव आल्यास शनिवारी मैदान झाडण्याची शिक्षा मात्र आधी नव्हती. ती मी सुचवली आणि ती मान्य झाली तेव्हा मला फार मोठे काही केल्यासारखे वाटले. ऑगस्टमध्ये सातवीतल्या एका मुलीचे नाव अकरा वेळा आले होते. बाराव्या वेळी मी सगळ्यांसमोर तिला विचारले, "घरी घड्याळ नाही का?" ती खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाली, "ताई, घड्याळ आहे, गाडी नाही." रांगेतली मुले हसली. मला ते उत्तर उर्मट वाटले आणि मी तिचे नाव लिहिले.

त्यानंतर आठवड्याभराने स्वयंशासन दिन आला. 5 सप्टेंबरला एक दिवसाची मुख्याध्यापिका म्हणून मी त्या मोठ्या खुर्चीत बसले आणि दिवसभर खडू, किल्ल्या व अर्ध्या रजेचे अर्ज एवढ्यांतच गुंतून पडले. मात्र त्याच दिवशी लिपिक सरांनी एसटीच्या विद्यार्थी पासांची यादी तपासायला माझ्यापुढे ठेवली. 2024 पासून पास शाळेतच मिळू लागल्यामुळे ती यादी शाळेकडूनच जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत असतो आणि मुलांना एकतृतीयांश भाडे भरावे लागते, म्हणून मुला-मुलींची नावे गावानुसार वेगवेगळी लिहिलेली असतात. ती नावे वाचताना मला ती ओळखीची वाटू लागली. मी कपाटातून वही काढून यादीशेजारी ठेवली. वहीतल्या चौसष्ट नोंदींपैकी एक्कावन्न नोंदी एकाच रस्त्यावरच्या तीन गावांतल्या मुलांच्या होत्या.

त्या तीन गावांना सकाळी दोन गाड्या आहेत. रात्री मुक्कामी असलेली गाडी साडेसहाला सुटते. तिने यायचे तर शाळेच्या बंद फाटकासमोर चार तास काढावे लागतील. दुसरी गाडी 10.45 ला फाट्यावर येते आणि तिथून शाळेपर्यंत बारा मिनिटांची चाल आहे. ती गाडी रोज वेळेवर येत होती, मुलेही रोज वेळेवर तिच्यात बसत होती, फक्त तिची वेळ आणि आमच्या घंटेची वेळ एकमेकींना कधी भेटलीच नव्हती. म्हणजे तीन महिने मी एका वेळापत्रकाची शिक्षा म्हणून मुलांच्या हातात खराटे दिले होते. पुढे होऊन मैदान झाडणाऱ्यांत ती सातवीतली मुलगी नेहमी असायची, हे मला तेव्हा आठवले आणि त्या खुर्चीतून उठून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सरांना सगळे सांगितले. ते रागावतील अशी माझी तयारी होती, किंबहुना ते रागावले असते तर मला सोपे गेले असते, पण ते म्हणाले, "आगारात अर्ज देऊ. गैरसोय होते, नुकसान होते, असे लिहू नकोस. किती मुले, कोणती गावे, गाडी किती वाजता येते आणि किती वाजता हवी, ते लिही." माझ्या पहिल्या मसुद्यात आमच्या उज्ज्वल भवितव्याचा प्रश्न होता, दुसऱ्यात ग्रामीण भागावरचा अन्याय होता. चौथा मसुदा अर्ध्या पानाचा झाला: तेवीस विद्यार्थी, तीन गावे, वीस मिनिटे. एवढ्या वर्षांत निबंधाला मिळालेल्या सगळ्या गुणांपेक्षा हे अर्धे पान लिहिताना मी मराठी अधिक शिकले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आगारातल्या साहेबांनी अर्ज पुरता वाचला आणि मग फेऱ्यांचा तक्ता माझ्यासमोर उलगडला. आमच्याकडे येण्याआधी तीच गाडी दुसऱ्या बाजूच्या गावांतून कनिष्ठ महाविद्यालयाची मुले आणते. ती वीस मिनिटे आधी निघाली तर तिकडच्या मुलांना डबासुद्धा घेता येणार नाही. माझ्या अर्जात ती मुले नव्हती. मला ती ठाऊकच नव्हती. दहा मिनिटे जमवता येतील, असे ठरले आणि दिवाळीनंतर गाडी 10.35 ला येऊ लागली.

उरलेल्या मिनिटांचा हिशेब शाळेत करायचा होता. सरांनी परिपाठ 10.50 वर नेला आणि ती दहा मिनिटे मोठ्या सुट्टीतून कापली. खरी कसोटी येथे लागली, कारण सुट्टी सगळ्यांची होती आणि गाडी तेवीस जणांची. माझ्याच वर्गातली, माझ्यासाठी घसा बसेपर्यंत प्रचार केलेली मैत्रीण म्हणाली, "मते आम्ही दिली आणि मिनिटे त्यांना?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही, आणि आजही पूर्णपणे देता येईल असे नाही. तिची कबड्डी त्या दहा मिनिटांत खरोखरच अर्धवट राहत असे.

पोषण आहाराच्या रांगेबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट नोंदवते. पाचवीला दररोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. नववीत पाय ठेवला की शाळेच्या भाताशी असलेला संबंध संपतो, भूक मात्र आठवीतलीच असते. जुलैमध्ये नववीतल्या एका मुलाला मी रांगेतून बाहेर काढले होते. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. वहीचे प्रकरण झाल्यानंतर आमच्या आरोग्यमंत्र्याने नववी-दहावीच्या डब्यांची एक सामाईक पंगत सुरू केली, तेव्हा तो मुलगा काही दिवसांनी आला आणि माझ्यापासून लांब बसला.

डिसेंबरात पूर्वपरीक्षेचा अभ्यास सुरू झाला आणि माझी कामे नववीतल्या उपमुख्यमंत्र्याकडे गेली. माझ्यावाचून अडेल अशी माझी समजूत होती. तसे काहीच अडले नाही. आठवड्यातून एकदा मी काही विचारायचे आहे का म्हणून चौकशी करत असे आणि तो अत्यंत आदराने 'नाही ताई' म्हणत असे. शनिवारची शिक्षा त्याने कोणालाही न सांगता बंद केली होती.

परवा दाखला घ्यायला गेले तेव्हा ती वही लिपिक सरांच्या टेबलावरच होती, म्हणून चाळली. जानेवारीपासून त्यात एक चौथा रकाना पट्टीने आखलेला आहे: कारण. जे मला तीन महिन्यांत सुचले नाही ते त्याने पहिल्याच आठवड्यात केले होते, आणि कारण ज्याचे त्यानेच लिहायचे असा त्याचा शिरस्ता दिसत होता, कारण प्रत्येक ओळीत अक्षर वेगळे होते. सायकल पंक्चर. आजीला दवाखान्यात नेले. गाय व्याली. फेब्रुवारीच्या एका पानावर त्या सातवीतल्या मुलीचेही नाव सापडले, त्या महिन्यात एकदाच, आणि पुढे ठळक अक्षरांत लिहिले होते: गाडी वेळेवर होती, मीच उशिरा उठले.