तुम्ही विचारलंत म्हणून : गोडी कशी लावायची?

साधनं आणि संधी कमी असलेल्या घरांतल्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं विज्ञानाचं काम करते आहे. त्यामुळे कुठेही गेले की एक प्रश्न ठरलेला असतो : “या मुलांना विज्ञानाची गोडी कशी लावायची हो?” विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरीही उत्तर देताना मी अडखळते, कारण गोडी नाहीच असं आपण आधीच धरून चाललेलो असतो.

माझंही तसंच होतं. एकदा विद्युतचुंबकाचा तास घेत होते. खिळा, तार, बॅटरी, टाचण्या. तेरा वर्षांचा एक मुलगा मागे गप्प बसून होता. व्याख्या विचारली, बोलला नाही. मी वहीत नोंद केली, ‘रस नाही’. तास संपल्यावर तो माझी गुंडाळलेली तार हातात घेऊन म्हणाला, “ताई, वेढे सैल पडलेत. असे चालत नाहीत.” वडील जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग करायचे आणि हा त्यांच्या हाताखाली असायचा. कुठल्या मोटरीला किती वेढे, तार किती जाडीची, वार्निश कुठवर मुरायला हवं, सगळं त्याला ठाऊक होतं. तारेच्या वेढ्यांचा तास घ्यायला मी आले होते आणि वर्गातल्या सगळ्यात जाणकार मुलापुढे मी शेरा मारला होता. ती नोंद मी अजून खोडलेली नाही.

पुढे अभ्यासकांचं काम वाचायला लागले, तेव्हा माझ्या चुकीचा अर्थ कळत गेला. इंग्लंडमध्ये 2009 साली लुईस आर्चर आणि सहकाऱ्यांनी ‘अॅस्पायर्स’ नावाचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास सुरू केला. मुलं दहा वर्षांची असल्यापासून त्यांना विचारत गेले. बहुतेक मुलांना विज्ञानाचे तास रंजक वाटत होते, आईवडिलांनाही विषय महत्त्वाचा वाटत होता. पण शास्त्रज्ञ व्हायचंय असं म्हणणारी मुलं 10 ते 14 या वयात साधारण 15 टक्क्यांवरच राहिली. आवड होती, तरी ‘हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे’ असं मुलांच्या मनात बसलेलं होतं. घरात विज्ञानावर बोलणं होतं का, त्या क्षेत्रातलं कुणी ओळखीचं आहे का, आपलं ज्ञान तिथे कुणी मोजतं का, या साऱ्या शिदोरीला त्यांनी ‘विज्ञान भांडवल’ म्हटलं. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे दोष मुलाच्या डोक्यावरून उतरतो.

त्याआधी, 1992 मध्ये, अमेरिकेतल्या अॅरिझोनात लुईस मोल, कॅथी अमांती, नॉर्मा गोन्झालेस आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट धरली होती. शिक्षकच विद्यार्थ्यांच्या घरी गेले. जायचं ते शिकायला, ही अट. मेक्सिकन वंशाच्या त्या कष्टकरी कुटुंबांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, हिशोब यांचं केवढं तरी ज्ञान निघालं. त्यावरून पुढे वर्गातले पाठ बेतले गेले. मोटरवाल्या मुलाच्या घरी मी आधी गेले असते तर, असं हे वाचताना सारखं वाटत राहिलं.

म्हणून एक दिवसाची झगमगीत शिबिरं मला पुरेशी वाटत नाहीत. रॉकेट उडतं, टाळ्या पडतात, मुलं खूश होऊन घरी जातात. आनंद खरा असतो. पण दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एखाद्या मुलीला शंका आली तर ती विचारणार कुणाला? वर्षभर तेच मोठं माणूस, तेच टेबल आणि मुलीने स्वतः आणलेला प्रश्न, एवढं मिळालं तर मी सगळी रॉकेटं सोडून द्यायला तयार आहे.

साधे उपायही आहेत. क्रिस हलमन आणि ज्युडिथ हॅराकिविच यांनी 2009 मध्ये हायस्कुलातल्या काही मुलांना विज्ञानाचा धडा आपल्या आयुष्याशी कसा जोडला जातो ते अधूनमधून लिहायला सांगितलं, तर बाकीच्यांना फक्त धड्याचा सारांश. ज्यांना आपल्याला जमणार नाही असं वाटत होतं, त्यांची आवड आणि गुण दोन्ही अशी जोडणी लिहिण्याने वाढले. जोडणी मुलाने करायची, हे मला यात फार मोलाचं वाटतं. आपण उदाहरण दिलं की ते आपलंच राहतं.

त्या मुलाला पुढच्या तासाला मी तार गुंडाळायला बोलावलं. बाकीची मुलं त्याच्याभोवती जमली. गुंडाळता गुंडाळता त्यानेच विचारलं, “तांब्याच्या जागी तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची तार घातली की मोटर जास्त तापते. का?” अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असतो, हे मी फळ्यावर लिहिलं. त्याने आकडा वहीत उतरवून घेतला आणि म्हणाला, “मग तार जाड घेतली तर?” आम्ही दोघं मिळून काटछेदाचं गणित मांडायला बसलो.